अमेरिकेत मुलाला आइस हॉकीला घालायचं तर किती खर्च येतो? किट सगळं नवंच घ्यावं लागतं का?

घराजवळच्या हाउस लीगमध्ये, म्हणजे स्थानिक क्लबच्या आपसातल्या सामन्यांत, खेळवलंत तर खर्च झेपतो, पण मूल ट्रॅव्हल टीममध्ये, म्हणजे बाहेरगावी जाऊन खेळणाऱ्या निवडक टीममध्ये, गेलं की वर्षाला काही हजार डॉलर सहज जातात. आणि नाही, किट सगळं नवं घ्यायची गरज नाही. पालक घाबरतात किटला, खरा पैसा जातो बर्फावर. रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळते आणि ते भाडं टीममधल्या मुलांत वाटलं जातं. ८ वर्षांखालची मुलं अर्ध्या किंवा त्याहून छोट्या बर्फावर खेळतात, त्यामुळे एकाच तासात जास्त मुलं मावतात आणि वाटणी हलकी होते. ट्रॅव्हलमध्ये याच्यावर हॉटेल, पेट्रोल, टूर्नामेंटची फी.

स्केट, शिनपॅड, पँट बिनधास्त वापरलेले घ्या. मुलांचे पाय सीझनभरात वाढतात, त्यामुळे हे सामान फारसं झिजलेलं नसतं. फक्त स्केटच्या पात्याला पुढे धार लावण्याइतकं पोलाद उरलंय ना ते बघा. हेल्मेट मात्र नवंच, कारण त्याच्या सर्टिफिकेशनला मुदत असते; तारीख मागच्या स्टिकरवर छापलेली असते. अगदी नवशिक्या मुलांसाठी एनएचएलचा (तिथल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा) 'लर्न टू प्ले' उपक्रम आहे, त्यात पूर्ण किट फीमध्येच मिळतं. तुमच्या भागात तो चालतो का, आधी विचारा.

हा हिशेब गोलकीपरला लागू नाही. त्याचे लेगपॅड, ग्लव्ह सगळं वेगळं आणि बरंच महाग. लहान वयात क्लबकडून उसनं मिळालं तरच घ्या.