आधी सातबारा वाचायला शिक

रत्नागिरी, जूनअखेर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

माध्यमांच्या पदवीला जायचंय, कॅमेरा घेऊ का आणि मुंबईत शिकू की रत्नागिरीत, असं विचारणारा तुझा मेसेज वाचला, तुझ्या बाबांशीही बोललो. कॅमेऱ्याचं आधी उरकून टाकतो: घेऊ नकोस. हातातला फोन सध्या पुरेल. कॉलरला लावायचा एक बरा माइक मात्र घे, कारण बंदरावरच्या वाऱ्यात फोनवर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. बाकीचे पैसे बाबांकडेच राहू देत. मुंबई की रत्नागिरी, हा प्रश्न फीचा, राहण्याचा आणि आईच्या झोपेचा आहे. त्यात मी पडत नाही. मुंबई विद्यापीठाच्या या पदवीत तिसऱ्या वर्षी जाहिरात की पत्रकारिता अशी फाट वर्षानुवर्षं होती. नव्या शैक्षणिक धोरणानंतर रचना बदलते आहे, तेव्हा सिनिअर मुलांनी सांगितलेल्या विषयांवर विसंबू नकोस, यंदाचा अभ्यासक्रम कॉलेजातून मागून घे.

मला बोलायचंय ते वेगळंच. 'मला लोकांपर्यंत पोचायचंय,' असं तू लिहिलंयस. पोचशील गं, पोचणं आता फार स्वस्त झालंय. ड्रोन उडवायचा, खाली नारळ आणि निळं पाणी, वर 'येवा कोकण आपलोच आसा'. आपल्याकडची कितीतरी पोरं हे करतात आणि काहीजण सुरेख करतात. पण खालची आंब्याची बाग कुणाच्या नावावर, करारानं कुणाकडे, आणि तिथे झोपडीत राहून राखण करणारा नेपाळी माणूस पावसाळ्यात कुठे जातो, हे ड्रोनला कळत नाही. ते कळणारी माणसं आपल्या किनाऱ्यावर फार कमी आहेत. म्हणून तुला एकच सांगणं आहे. माध्यम शिकशील तेव्हा सोबत एक विषय धर. जमीन धर, मासळी धर, प्राथमिक आरोग्य केंद्रं धर, एसटी धर. एकच धर आणि पदवी हातात येईपर्यंत सोडू नकोस. एडिटिंगचं सॉफ्टवेअर सुट्टीत बसून शिकता येतं. मासेमारीचा परवाना कोण देतं, का देतं आणि कुणाला नाकारतं, हे सुट्टीत कळत नाही.

दर 6 जानेवारीला, पत्रकार दिनी, आपण बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालतो. माणूस आपला, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा. 1832 साली 'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढलं तेव्हा ते विशीच्या आसपास होते आणि अंकात मराठी-इंग्रजी स्तंभ शेजारी शेजारी छापले जात. भाषणांमध्ये एवढं सगळे सांगतात. पण हाच माणूस एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत होता, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम पाहत होता, जुने शिलालेख-ताम्रपट वाचत होता. मराठीतल्या पहिल्या पत्रकाराला पत्रकारितेबाहेरचं केवढं येत होतं ते बघ. आम्हा हार घालणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या तालुक्याचा भरती-ओहोटीचा तक्ता वाचता येतो, हे विचारायची सोय नाही.

तू हर्णै बंदराच्या बाजूची, म्हणून मासळी धर असं मी म्हणेन. आत्ता मासेमारीला बंदी आहे, 1 जून ते 31 जुलै. नौका किनाऱ्यावर शाकारून ठेवल्यात, जाळी विणणं-सांधणं चाललंय, माणसांना बोलायला वेळ आहे. ऑगस्टनंतर तुझ्याशी कुणी दोन वाक्यंही बोलणार नाही. आत्ताच जा. तांडेलाशी, म्हणजे नौकेच्या प्रमुखाशी बोल, लिलावात बोली लावणाऱ्या बायकांशी बोल. भावाची खरी आकडेवारी त्यांच्याकडे असते. खलाशांशीही बोल. त्यातले बरेच नेपाळचे आहेत, हिंदीत छान बोलतात, आणि पेपरात त्यांचं नाव बहुतेक वेळा नौका बुडाल्यावरच येतं. बोलणं लिहून घेशील तेव्हा त्यांची बोली साफसूफ करू नकोस आणि तिची गंमतही करू नकोस. आपल्या बोलीला टीव्हीनं विनोदापुरतं ठेवलंय, तेवढं पुरे झालं.

मग वादाकडे वळ. दर हंगामात एक बातमी ठरलेली असते: पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्यानं मासळीचा थवाच वेढून पकडणारे) भिडले, समुद्रात तणाव. त्यात दोन नेत्यांची विधानं असतात आणि एक फोटो. ती वाचून कुणालाही काही कळत नाही. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार चालतो, त्यापुढे केंद्राचा. फेब्रुवारी 2016 मध्ये राज्यानं पर्ससीनवर बंधनं आणली, परवान्यांची संख्या खाली आणायचं ठरवलं. 2017 मध्ये केंद्रानं एलईडीच्या उजेडावर मासळी गोळा करून पकडायला मनाई केली. एवढं जरी त्या बातमीत आलं, तर आपल्या पुढ्यात भांडण आहे ते दोन गटांचं की अंमलबजावणीचं, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल. तो पडायला हवा. पर्ससीनवाल्याचं कर्ज किती, हेही विचार. तो खलनायक आहे असं ठरवून जाऊ नकोस.

विषय जमीन घेतलास तर आधी सातबारा वाचायला शिक. नुसता 'सातबारा काढला' म्हणणं वेगळं. गाव नमुना सातमध्ये मालकी, बारामध्ये पीकपाणी, आठ-अ म्हणजे खातं, आणि सहा म्हणजे फेरफाराची, जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंदवही. आपल्या भागात एकेका सातबाऱ्यावर इतकी नावं असतात की पान उलटावं लागतं. निम्मी माणसं मुंबईला, काही वारलेली, वारसनोंद झालेली नाही, आणि 'इतर हक्क' या रकान्यात कुणा कुळाचं नाव अजून बसलेलं. रिफायनरीसाठी नाणार, मग बारसू, आधी-नंतर महामार्गाचं चौपदरीकरण; या सगळ्यात जमीन कुणी, कधी, कुणाकडून घेतली याचं उत्तर सभेतल्या घोषणेत सापडत नाही. ते फेरफारात तारखेसकट पडलेलं असतं. तलाठ्याकडे जाऊन बसायची सवय लाव. (कार्यालयात भेटला तर. नाही भेटला तर तीही नोंद करून ठेव.)

माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच वर्षी कर. दहा रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर, न आलं तर पहिलं अपील. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असावा लागतो. लोक त्यावर चिडतात. मला विचारशील तर नेमका प्रश्न दीडशे शब्दांत बसवणं हा संपादनाचा सगळ्यात चांगला तास आहे. 'गावाच्या विकासाची माहिती द्या' असं लिहिलंस तर काही मिळणार नाही. 'अमुक धरणाच्या दुरुस्तीबाबत अमुक तारखेपासून आलेल्या तक्रारी आणि त्यावरील शेरे' असं माग.

धरणाचं उदाहरण उगाच दिलेलं नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालची वाडी वाहून गेली, माणसं गेली. गळती होतेय, हे गावकरी आधीपासून सांगत होते. मग तेव्हाचे जलसंधारण मंत्री खेकड्यांमुळे धरण फुटलं असं बोलले आणि देशभर खेकडेच खेकडे झाले. व्यंगचित्रं, विनोद, खेकडे घेऊन आंदोलन. संताप खरा होता, पण त्या गदारोळात गळतीच्या तक्रारी कुठल्या टेबलावर थांबल्या हा प्रश्न मागे पडला. वर्गात तुला मॅकोम्ब्स आणि शॉ हे माध्यमांचे अमेरिकी अभ्यासक शिकवतील: 1968 च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपेल हिलच्या मतदारांचा त्यांनी अभ्यास केला, आणि काय विचार करायचा यापेक्षा कशाबद्दल विचार करायचा हे माध्यमं ठरवतात, असं त्यातून पुढे आलं. त्यालाच अजेंडा-सेटिंग म्हणतात. ते शिकवत असतील तेव्हा तिवरे आठव. खेकडा हा अजेंडा होता.

यावरून आठवलं. थिअरी कंटाळवाणी असते असं तुला कुणीतरी आत्ताच सांगून ठेवलेलं दिसतं. ती इथल्या मातीत लावून बघितली की कंटाळा येत नाही. समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940 मध्ये ओहायोतल्या ईरी काउंटीत मतदारांना पुन्हा पुन्हा भेटून विचारलं. लोक थेट रेडिओ-पेपरवरून मत बनवत नाहीत, ओळखीतलं जे माणूस पेपर वाचतं त्याचं ऐकतात, असं त्यातून दिसलं. आता आपलं गाव घे. गावातल्या किती गोष्टी गावात ठरतात? पालखीचा मार्ग, शाळेची खोली, सरपंच कोण, यातलं बरंच मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळात ठरतं. परळ-लालबागला होती ती मंडळं आता विरार-डोंबिवलीला सरकली, पण सूत्रं त्यांच्याकडेच आहेत. गणपतीला चाकरमानी उतरतो तो मतं घेऊन उतरतो, आणि वर्षभर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तोच बोलत असतो. म्हणजे आपल्या गावचा मत बनवणारा माणूस गावात राहतच नाही. ओहायोत हे नव्हतं. तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला याहून चांगला विषय मला सुचत नाही, आणि तो मुंबईत शिकलीस तरी करता येईल, किंबहुना तिथूनच नीट होईल.

आता थोडं कोरडं. राजापूर तालुक्यातले पत्रकार शशिकांत वारिसे रिफायनरीच्या वादावर सातत्यानं लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 ला त्यांना गाडीनं चिरडलं, दुसऱ्या दिवशी ते गेले, खुनाचा गुन्हा दाखल झाला. तुला घाबरवायला सांगत नाही, तुझ्या आईला हे वाचून दाखवू नकोस एवढंच. पण कुठे जातेयस हे कुणाला तरी सांगून जायचं, कागदांची एक प्रत दुसऱ्याकडे ठेवायची, आणि ज्याच्याविरुद्ध लिहितेयस त्याला छापण्याआधी त्याची बाजू लेखी विचारायची. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 356 आहे. कलम वाचून ठेव, त्यातले अपवाद जास्त नीट वाच. मुलांवरच्या अत्याचाराच्या बातमीत ओळख उघड करायची नाही, हे पोक्सो या बालसंरक्षणाच्या कायद्याच्या कलम 23 मध्ये आहे. शहरात नाव गाळलं की भागतं. आपल्याकडे वाडी म्हणजे पंधरा घरं. वाडीचं नाव, इयत्ता आणि वडिलांचा धंदा दिला की पोरीचं नाव सांगितल्यासारखंच आहे. नाव न छापून हे असं ओळखू येण्याजोगं लिहिलेलं मी आजही वाचतो.

पैशांचं बाबांनी विचारलं होतं, त्यांना तूच सांग. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजं असतं आणि वाढदिवसाच्या, दिवाळीच्या जाहिराती आणायची अपेक्षा वरून. ज्या हातानं जाहिरात आणायची त्याच हातानं त्याच माणसाविरुद्ध लिहायचं, हे फार थोड्यांना जमतं. म्हणून दुसरं एखादं प्रामाणिक उत्पन्न हाताशी ठेव: भाषांतर, सबटायटल, कुणाच्या संस्थेचे अहवाल लिहिणं. जाहिरात शाखा घेतलीस तरी माझ्या लेखी तू वाया गेलेली नाहीस. उलट आंबा उत्पादकांना भौगोलिक मानांकनाचा शिक्का 2018 मध्ये मिळाला, पण बाजारातल्या पेटीत हापूस कुठला आणि कर्नाटकातला कुठला हे गिऱ्हाईकाला अजून धड कळत नाही. ते समजावून सांगणारं कुणी हवंच आहे.

जुलैमध्ये इकडे येशील तेव्हा तुमच्या घरच्या जमिनीचा सातबारा आणि त्यावर नंबर दिसतील ते सगळे फेरफार घेऊन ये. बाबांकडून समजून घेऊन येऊ नकोस, त्यांनाही सगळं ठाऊक असेल असं नाही. पणजोबांपासून आजपर्यंत जमीन कशी फिरली ते तू मला सांगायचंस, मी ऐकेन आणि मध्ये मध्ये शंका काढेन. काकू विचारतेय, येताना तुमच्याकडची सुकी कोलंबी मिळेल का.

तुझा,
काका