सोलापुरात वसंत येतो का? आणि फ्लॅटच्या बाल्कनीत त्याचं स्वागत कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदलीमुळे कोल्हापूरहून सोलापूरला आलात, बाल्कनी लहान आणि पश्चिमेची, नळाला पाणी रोज येत नाही, आणि फेब्रुवारी सरायच्या आत ऊन असं तापतं की इथे वसंत ऋतू असतो यावर विश्वासच बसत नाही. घरात दोन शाळकरी मुलं आहेत, त्यांना घेऊन काहीतरी करायचंय.

वसंत येतो. मी जन्मापासून इथलीच, पूर्व भागातली, आणि मला विचाराल तर अख्ख्या वर्षात सोलापूर याच दिवसांत सगळ्यात देखणं असतं. फक्त त्याला भेटायच्या वेळा ठरलेल्या आहेत. सकाळी नऊच्या आत, नाहीतर दिवस मावळल्यावर. मधल्या वेळात तो शोधायला गेलात तर ऊनच भेटणार. कोल्हापूरची हिरवळ डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे वर्षाला साधारण साडेपाचशे मिलीमीटर पाऊस, तोही लहरी, आणि एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर. इथला वसंत गवतावर दिसत नाही, तो झाडांच्या शेंड्यावर बघायचा असतो.

म्हणून काहीही विकत आणायच्या आधी मुलांना घेऊन झाडं बघायला बाहेर पडा. पांगारा, काटेसावर, पळस ही झाडं पाणी वाचवायला पानं टाकून देतात आणि मग उघड्या फांद्यांवर फुलतात. आड यायला पान नसतं, त्यामुळे लाल-केशरी फुलं पाखरांना लांबूनही दिसतात. फुललेल्या काटेसावरीखाली सकाळी दहा मिनिटं उभे राहा. साळुंक्या, बुलबुल, कावळे, शिंजीर, सगळ्यांची मधासाठी नुसती झुंबड असते. त्याच सुमाराला पिंपळाला तांबूस पालवी फुटते. करंज तर काही दिवसांत जुना पाला झाडून असा पोपटी होतो की रोजच्या रस्त्यावरचं झाडही नवीन वाटतं. मग मार्चच्या शेवटाला कडुलिंब मोहरतो. आपल्या गावात कडुलिंब जागोजागी आहे, आणि संध्याकाळी वारा सुटला की त्याचा मंद गोड वास गल्लीभर पसरतो. बाल्कनीतून दिसणारं एक झाड मुलांना निवडायला सांगा आणि दर रविवारी त्याचं चित्र काढायला लावा. पाडव्यापर्यंत वहीत अख्खा ऋतू उतरलेला असेल.

आता बाल्कनीकडे येऊ. एकच झाड लावायचं ठरवलंत तर मोगरा लावा. माझी आई म्हणायची, गड्डा उठला की कात्री काढायची. गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वरांची यात्रा. जानेवारीत नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची मिरवणूक, होमविधी होतो, होम मैदानावर पाळणे लागतात, आणि ते पाळणे उतरले की थंडीचा जोर संपत आला असं आम्ही धरतो. मोगऱ्याची फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून छाटणी महत्त्वाची. आठवडाभर पाणी तोडायचं, पानं खुडायची, फांद्या साधारण अर्ध्यावर आणायच्या, वरची दोन-तीन बोटं माती उकरून मुरलेलं शेणखत घालायचं आणि मग भरपूर पाणी द्यायचं. मार्चमध्ये कळ्या लागतात. फुललेली फांदी दोन पानांवरून खुडत राहिलं की पुढचा बहर येत राहतो, अगदी पावसाच्या तोंडापर्यंत. फेब्रुवारी निघून गेला असला तरी या वर्षी हलकी छाटणी करा, फुलं थोडी उशिरा येतील इतकंच.

मातीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बाहेरून आलेल्या माणसाची इथेच फसगत होते. आपली काळी माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत नुसती तीच भरली तर ओली असताना चिकट होते, वाळली की भेगाळते आणि पाणी कडेकडेने निघून जातं. एक भाग माती, एक भाग चाळलेलं शेणखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट असं मिश्रण करा. दुसरं म्हणजे आपल्या मातीत चुनखडी जास्त आणि बोअरचं पाणी जड. त्यामुळे जास्वंद, मोगरा, गुलाब यांची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक त्याला खत कमी पडलं समजून आणखी खत ओततात. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. अशा वेळी लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. मातीत घातलेलं हिराकस चुनखडीत अडकून पडतं, म्हणून फवारणीच बरी.

पाण्यासाठी माझी सगळ्यात आवडती युक्ती: संक्रांतीची सुगडं. पूजा झाली की ती बहुतेक घरांत माळ्यावर जाऊन पडतात. मोठ्या कुंडीत रोपाच्या शेजारी एक सुगड गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि वर दिवाळीची पणती झाकण म्हणून ठेवा. कच्च्या भाजणीची माती पाझरते, आणि भोवतालची माती जसजशी सुकेल तसतसं ती पाणी ओढून घेते. वरून ओतलेल्या पाण्यातलं बरंचसं उन्हाने उडून जातं, हे मात्र थेट मुळांशी पोचतं. रंगवलेलं सुगड घेऊ नका, रंगाने छिद्रं बुजतात. झाकणाच्या पणत्या हव्या तेवढ्या रंगवा. आमच्याकडे प्रत्येक पणतीवर एकेक प्राणी आहे. बेडूक ज्या कुंडीवर असेल तिला पाणी घालायचा मान सगळ्यात धाकट्याचा, आणि त्यावरून भांडणंही होतात. कुंडीत वर उसाचं पाचट किंवा शेंगांची टरफलं पसरा. दोन्ही गोष्टी सोलापूर जिल्ह्यात मागाल तिथे मिळतील.

पश्चिमेच्या उन्हात चिनी गुलाब, सदाफुली, बोगनवेल, कोरफड मजेत राहतात. चिनी गुलाबाची काडी मातीत खोचली तरी लागते, म्हणून तो मुलांच्या ताब्यात द्या. भाजीत भेंडी, गवार, लाल माठ करा. उन्हाळ्यात कोथिंबिरीच्या नादी लागू नका, ती लगेच फुलावर येते. एप्रिलपासून दुपारची हिरवी जाळी बांधाच. आणि एखादी कुंडी कढीपत्त्याची ठेवा. लिंबाचं फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. अळी आधी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि पानं फस्त करते. करू द्या. कोष फुटून फुलपाखरू बाहेर येताना मुलांनी एकदा बघितलं की पुढच्या वर्षी तीच अळ्या शोधत फिरतील.

हस्तकलेसाठी दुकानातलं सामान आणायची गरज नाही, तुम्ही कापडाच्या गावात आहात. चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांतून सुताचे रिकामे कागदी कोन निघतात. ओळखीत कोणी यंत्रमागवाला असेल तर पिशवीभर सहज देईल. कोन उलटा करून उभा धरला की टोकाला आपोआप भोक असतं, पाणी निघून जातं. त्यात माती भरून भेंडीचं किंवा सूर्यफुलाचं बी लावायचं आणि रोप चार पानांचं झालं की कोन फाडून मुळांना धक्का न लावता कुंडीत सरकवायचं. त्याआधी कोनांवर डोळे, मिशा, टोप्या रंगवा. खिडकीत रांगेने उभे केले की बी उगवल्यावर प्रत्येकाच्या डोक्यावर हिरवे केस येतात. मुलं सकाळी उठून आधी तिकडे धावतात. उरलेल्या रंगीत सुताचे गोंडे करून दारासाठी तोरण बनवा. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: पाखरं घरट्यासाठी नेतील म्हणून लांब सूत बाहेर टांगू नका, ते पिल्लांच्या पायांत गुंततं आणि पाय कापला जातो. त्यांना वाळलेलं गवत, काथ्या, कापूस ठेवा. पाण्याचं भांडं उथळ, मातीचं, मध्ये एक दगड ठेवलेलं असावं आणि रोज घासलेलं असावं.

आणखी एक गोष्ट या भागाखेरीज सहज जमणार नाही. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि कडब्याचे ढीग लागतात. एखाद्या शेतकऱ्याकडून हातभर धाटं मागून आणा. वरची साल सोलून आतला पांढरा, हलका गाभा मोकळा करायचा, त्याचे तुकडे पाडायचे आणि सालीच्याच काड्या टोचून ते जोडायचे. बैलगाडी होते, चष्मा होतो, बैलाची शिंगं होतात. ना डिंक लागतो ना दोरा. आमच्या आजोळी सुगीत खळ्यावर बसून पोरं हेच करायची. साल ब्लेडसारखी कापते, तेवढी तुम्ही स्वतः सोलून द्या, बाकीचं मुलांवर सोडा. या गाड्या कुंड्यांच्या कडेने लावल्या की बाल्कनीत अख्खं गाव वसतं.

आणि मग पाडवा. सोलापुरात त्या दिवशी दोन घरांचा वसंत एकदम ताटात येतो, आणि हे तुम्हाला कोल्हापुरात क्वचितच मिळालं असेल. आपल्याकडे गुढी, साखरेच्या गाठी, आणि कडुलिंबाची कोवळी पानं, भिजवलेली हरभरा डाळ, गूळ, जिरं, हिंग वाटून केलेली गोळी. शेजारच्या तेलुगू आणि कन्नड घरांत त्याच दिवशी उगादी. आमच्या शेजारच्या अव्वा पितळी भांड्यात पच्चडी करतात: नवी चिंच, नवा गूळ, कैरीच्या बारीक फोडी, मिरची, मीठ आणि वरून कडुलिंबाचा फुलोरा. आंबट, गोड, तुरट, तिखट, खारट, कडू असं सगळं एका घोटात. अव्वा गच्चीवर स्वच्छ धोतर अंथरून ताजा मोहोर वेचतात आणि मला हाक मारतात, "ये गं पोरी, हात लाव." माझे केस पिकलेत, तरी पोरीच. तुमच्या इमारतीत अशी एखादी आजी नक्की असेल. पाडव्याच्या आधी तिच्याशी ओळख करून घ्या, मुलांना मोहोर वेचायला पाठवा, आणि आपल्याकडची पुरणपोळी द्यायला विसरू नका.

चैत्रभर गौर बसते, अक्षय्य तृतीयेपर्यंत. हळदीकुंकू मोठं करायला हवंच असं नाही. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, चार बायका आणि मोगऱ्याची फुलं एवढं पुरतं. चैत्रांगण मात्र काढा. सूर्य, चंद्र, शंख, कासव, हत्ती, तुळस, गुढी अशा लहान लहान आकृत्यांची ती रांगोळी मुलांना फार आवडते. फरशीवर जागा नसेल तर जुन्या पाटावर गेरू लावून त्यावर काढा.

रोजच्या आनंदाचं विचारलंत तर माझी यादी अगदी साधी आहे. माठात वाळ्याची जुडी. शेंगाचटणीबरोबर गरम भाकरी आणि कैरीची फोड. पहाटेची कोकिळा. तिन्हीसांजेला गच्चीवर पाणी शिंपडायचं, फरशी निवली की सोलापुरी चादर अंथरायची आणि आडवं व्हायचं. चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या रात्री, चंद्राच्या आसपासच चित्रा नक्षत्राचा पांढरा ठळक तारा सापडतो. उत्तरेला सप्तर्षी. सोसायटीची गच्ची बंद असेल तर सेक्रेटरींशी बोला, या दोन महिन्यांसाठी किल्ली मागायला काहीच हरकत नाही.

मे महिन्यात मुलांना घेऊन कोल्हापूरला जाणार असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी कुंड्या भिंतीकडेला एकमेकींना चिकटवून ठेवा, सुगडं काठोकाठ भरा, पाचटाचा थर दुप्पट करा आणि किल्ली शेजारी देऊन जा. शेजारच्यांना सांगा, मोगऱ्याची फुलं रोज तोडून घ्या, झाडावर सुकू देऊ नका. बदल्यात येताना त्यांच्यासाठी गूळ आणा.