वाचकांचे प्रश्न : शिडाच्या नौकेवरचे पाच दिवस

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. माझ्या १७ वर्षांच्या मुलीने ड्यूक ऑफ एडिनबर्ग पुरस्काराच्या (तरुणांसाठीची ब्रिटिश उपक्रम-योजना) सुवर्ण पातळीसाठी नाव नोंदवले असून, निवासी उपक्रम म्हणून सॉलेन्ट या दक्षिण इंग्लंडच्या सामुद्रधुनीतील शिडाच्या नौकेवरची पाच दिवसांची सफर निवडली आहे. तिला पोहणे जेमतेम येते, बोटीत मळमळते आणि ती शाकाहारी आहे. नौकेवर ओळखीचे कोणीही नसेल. निदान एक मैत्रीण बरोबर असावी, असा आग्रह मी धरावा का?

उत्तर : मैत्रिणीचा आग्रह धरू नये. पाच दिवस आणि चार रात्री घराबाहेर, बहुतांशी अनोळखी मुलामुलींबरोबर एकाच कामात राहायचे, अशी या निवासी भागाची अटच आहे. मैत्रीण येणारच असेल, तर दोघींना वेगवेगळ्या गटांत घालावे, असे आधीच कळवावे. नाहीतर दोघी एकमेकींशीच बोलत बसतील आणि सफरीचा अर्धा उपयोग तिथेच संपेल. पैसे भरण्यापूर्वी पुरस्काराच्या मार्गदर्शकांची या सफरीला संमती आहे ना, हेही पाहून घ्यावे.

अशा सफरींसाठी पुष्कळदा ६०-७० फुटी नौका वापरतात. डझनभर तरुण आणि शिकवणारे तीन-चार जण, एवढ्यांचे जेवण, झोप आणि काम तेवढ्याच जागेत चालते. मुख्य शीड चढवायचे तर सुकाणूवरचा नौकेची नाळ (पुढचे टोक) वाऱ्याच्या तोंडाशी धरून ठेवतो, दोघे-तिघे डोलकाठीपाशी दोर खेचतात, एकजण विंचवरून (दोर ताणायची चरखी) सुटणारा दोर ओढून घेतो आणि शेवटचे काही फूट अडले की विंचच्या दांड्याला आणखी दोघे लागतात. अशा वेळी सुकाणूवरच्याने नाळ थोडी जरी ढळू दिली, तरी अर्धवट चढलेले शीड वाऱ्याने फुगते, दोरांत अडकते आणि सर्वांचीच मेहनत वाया जाते. विंचवर वेढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घालायचे आणि बोटे त्यापासून वीतभर दूर ठेवायची, हे पहिल्या तासातच शिकवतात. पण आपण हात सैल सोडला तर दुसऱ्याच्या हाताला काचते, हे ज्याचे त्यालाच कळावे लागते, आणि अनोळखी माणसांत ते फार लवकर कळते, असे माझे मत आहे. सॉलेन्टमध्ये बहुतेक रात्री नौका बंदरात किंवा नांगरावर असते. मात्र इंग्लिश खाडी ओलांडून सुमारे ६० सागरी मैलांवरच्या फ्रान्समधील शेरबूरला जायचे ठरले, तर मुलांनाही रात्रीचे पहारे वाटून मिळतात.

पोहण्याची चिंता समजण्यासारखी असली, तरी तिचा रोख थोडा बदलायला हवा. तिथले पाणी उन्हाळ्यातही १८ अंशांच्या आसपासच असते आणि अचानक पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटातच त्या गारठ्याने बिघडतो. पट्टीच्या पोहणाऱ्याचीही त्यातून सुटका नाही. म्हणून सारा भर पाण्यात न पडण्यावर असतो. आपोआप फुगणारे जीवनरक्षक जाकीट अंगात आणि त्याचा पट्टा नौकेला अडकवलेला, ही शिस्त कडक असते. अर्जात पोहण्याबद्दल खरे तेच लिहावे. तुम्ही स्वतः आयोजकांना दोन गोष्टी विचाराव्यात : नौकेला तिथल्या सागरी व तटरक्षक यंत्रणेच्या नियमांनुसार प्रमाणपत्र आहे का, आणि कप्तानाकडे व्यावसायिक मान्यतेसह यॉटमास्टरचा दाखला आहे का. चांगला आयोजक या प्रश्नांनी चिडत नाही.

मळमळ थांबवण्याची गोळी उलटीची भावना होण्याआधी, म्हणजे निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. तिने झोप येऊ शकते, त्यामुळे कोणती घ्यावी ते औषधविक्रेत्याला विचारावे. खाली केबिनमध्ये मोबाइल पाहत बसणे सर्वांत वाईट. वर राहून क्षितिजाकडे पाहावे, आणि संधी मिळाली तर सुकाणू मागून घ्यावे, कारण नौका चालवणाऱ्याला मळमळ कमी होते. ओकारी आलीच तर पट्टा अडकवून, वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूच्या कडेला जावे. (हा धडा वाऱ्याकडे तोंड करून घेतलेल्याला पुन्हा शिकवावा लागत नाही.)

जेवणाचे अर्जात लिहून टाका. स्वयंपाकाची पाळी तिच्यावरही येईल. नौका कलली तरी भांडे सपाट राहावे म्हणून शेगडी झुलती असते आणि चालत्या नौकेत रांधणाऱ्याने गरम पाण्यापासून पाय वाचवण्यासाठी मेणकापडी विजार घालायची असते. मुगाची खिचडी एका भांड्यात होते. तिला निघण्यापूर्वी ती स्वतः करून पाहू द्या. सामान मऊ पिशवीत द्यावे, कडक सूटकेस ठेवायला जागा नसते.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात अकरावीत आहे. त्याला असे काही भारतात करता येईल का? ‘तरंगिणी’वर प्रवेश मिळतो का?

उत्तर : ‘तरंगिणी’ हे गोवा शिपयार्डने बांधलेले, १९९७ मध्ये नौदलात दाखल झालेले तीन डोलकाठ्यांचे प्रशिक्षण जहाज आहे. २००३-०४ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. मात्र ते प्रामुख्याने नौदलाच्या प्रशिक्षणार्थींसाठी आहे. हौस म्हणून अर्ज करून त्यावर जाता येत नाही. तुमच्या मुलाला जवळचा मार्ग राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेचा आहे. तिथे पाच वल्ह्यांची, २७ फुटी, शीडही लावता येणारी व्हेलर नौका शिकवतात आणि निवडक छात्रांना तिच्यातून अनेक दिवसांच्या मोहिमेवर नेतात. मुक्काम काठावर असतो, पण दिवसभर एकाच नौकेत वल्ही मारणे आणि शीड सांभाळणे यांत वर लिहिलेले बहुतेक सारे येते. प्रत्येक कॉलेजात नौदल शाखा नसते, त्यामुळे आधी कॉलेजात विचारावे. नावनोंदणी सहसा वर्षाच्या आरंभी, म्हणजे ऐन पावसाळ्यात होते. पश्चिम किनाऱ्यावर शिडे उघडतात ती मात्र पाऊस सरल्यावर.