गोळ्या, किमो की कर्ज? मूत्राशयाचा कॅन्सर झालेल्या कुत्रीच्या खर्चाचा हिशोब

प्रश्न: आमची बीगल कुत्री साडेदहा वर्षांची आहे. दोन महिने तिच्या लघवीतून रक्त जात होतं. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, रक्त थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. शेवटी सोनोग्राफीत मूत्राशयाच्या तोंडाशी गाठ दिसली. डॉक्टर म्हणतात, बहुतेक कॅन्सरच आहे आणि जागा अशी आहे की शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येणार नाही. त्यांनी दोन मार्ग सांगितलेत: नुसत्या गोळ्या, किंवा गोळ्या आणि सोबत किमो. किमोचा सगळा मिळून अंदाज आमच्या ३ महिन्यांच्या घरखर्चाएवढा आहे. आमच्याकडे ६ महिन्यांच्या घरखर्चाचा आणीबाणीचा निधी आहे आणि मुलाच्या कॉलेजसाठी वेगळी मुदत ठेव आहे, ती दीड वर्षाने लागेल. माझ्या पगारात निम्मा घरखर्च भागतो. मिस्टरांचं कंत्राट ४ महिन्यांनी संपतंय, वाढेल का माहीत नाही. ते म्हणतात, वैयक्तिक कर्ज काढू आणि ३ वर्षांत फेडू. मला गोळ्या पुरेशा वाटतात, पण तसं बोलले की पैशापायी तिला वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं. काय करावं? ता. क. घरात ३ वर्षांचा दुसरा कुत्राही आहे. त्याचा विमा काढावा का?

उत्तर:

ताई, निकाल आधी सांगतो, कारणं मागून. कर्ज काढू नका आणि ठेवीला हात लावू नका. गोळ्यांनी सुरुवात करण्यात चिक्कूपणा काही नाही, या आजारावरचा तो रीतसर उपचार आहे. किमो कायमची नाकारायची गरज नाही, पण तिचा निर्णय आजच घ्यायचीही गरज नाही.

त्याआधी एक खर्च करा, जो तुमच्या यादीत नाही. निदान पक्कं करून घ्या. ‘बहुतेक’ या एका शब्दावर कोणी ३ महिन्यांचा घरखर्च लावू नये. मूत्राशयात गाठीसारखं दिसणारं सगळंच कॅन्सर नसतं. जुनाट सुजेमुळे आतलं अस्तर कोंबासारखं वाढतं, तेही सोनोग्राफीत गाठ म्हणूनच दिसू शकतं. खात्रीसाठी दुर्बिणीतून तुकडा काढून तपासतात, पण त्याला भूल द्यावी लागते आणि बिलही मोठं होतं. म्हणून आधी विचारा की लघवीच्या नमुन्यावर होणारी ‘बी-रॅफ’ जनुकाची चाचणी करून मिळेल का. कुत्र्यांच्या या कॅन्सरचं नाव युरोथेलियल कार्सिनोमा, रिपोर्टवर अजूनही कित्येकदा टीसीसी, म्हणजे त्याच्या जुन्या इंग्रजी नावाचं लघुरूप, लिहिलेलं असतं. या आजाराच्या साधारण ८५ टक्के कुत्र्यांमध्ये या जनुकातला ठरावीक बदल सापडतो. चाचणी पॉझिटिव्ह आली तर बहुधा तुकडा काढण्याचा खर्च आणि भूल दोन्ही वाचतं. निगेटिव्ह आली तर मात्र कॅन्सर नाही असं समजून चालत नाही, मग दुर्बीण आहेच. पोटावरून सुई घालून गाठीचा नमुना घेऊ असं कोणी म्हणालं तर पुन्हा एकदा विचारून घ्या. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजण्याचा धोका असतो, म्हणून सहसा ते टाळतात.

निदान पक्कं झालं असं धरू. मग पैसे देऊन नेमकं काय मिळतं?

मूत्रपिंडांच्या नळ्या जिथे मूत्राशयात उतरतात आणि मूत्रमार्ग जिथून बाहेर पडतो, त्या त्रिकोणी जागेतच हा कॅन्सर बहुतेक वेळा होतो. तिथे कापाकापीला वाव नसतो. त्यामुळे तिला बरं करणं हे उद्दिष्ट नाहीच. गाठ लहान करायची, नाहीतर आहे तेवढीच रोखायची, आणि तिची लघवी सुरळीत ठेवायची. गोळ्या म्हणजे बहुधा पिरॉक्सिकॅम, माणसांच्या सांधेदुखीचं जुनं औषध. नुसत्या त्याच्यावर पाचातल्या साधारण एका कुत्र्यात गाठ लहान होते आणि निम्म्याहून अधिक कुत्र्यांत ती काही काळ वाढायची थांबते. या उपचाराने मिळणारं मध्यक आयुष्य ६ महिन्यांच्या आसपास आहे. मायटॉक्सँट्रोनसारखी किमो जोडली की ते साधारण ८ ते १२ महिन्यांपर्यंत जातं. मध्यक म्हणजे निम्मी कुत्री त्याआधी गेली आणि निम्मी त्यानंतरही जगली. तुमची कुत्री कुठल्या निम्म्यात बसेल हे आज डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

म्हणजे ३ महिन्यांचा घरखर्च घालून काही महिने जास्तीचे मिळण्याची शक्यता विकत घ्यायची, हमी नाही. हा सौदा मी वाईट म्हणणार नाही. साडेदहा वर्षांच्या कुत्रीसाठी दोन ते सहा महिने म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे. पण किमो टप्प्याटप्प्याने घेता येते, आणि आर्थिक नियोजनकार म्हणून माझा सगळा भर त्यावर आहे. मायटॉक्सँट्रोनचे डोस साधारण ३ आठवड्यांच्या अंतराने देतात आणि दोनेक डोस झाले की गाठ पुन्हा मोजतात. लहान झाली किंवा तेवढीच राहिली तर पुढे जायचं. वाढली असेल तर तेच औषध रेटण्यात काही हशील नसतं. तेव्हा पूर्ण कोर्सचे पैसे आगाऊ भरू नका, सवलत मिळत असली तरीही नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आज गोळ्या सुरू केल्या असत्या आणि ६ ते ८ आठवड्यांनी सोनोग्राफी केली असती. गाठ थांबलेली असेल तर तेच चालू ठेवायचं. वाढली तर किमोचे दोन डोस. एक औषध चालेनासं झालं की दुसरं, अशा क्रमाने जाण्याची पद्धत या आजारात आहे. डॉक्टर कदाचित दोन्ही एकदमच सुरू करा म्हणतील आणि त्यांच्या म्हणण्याला आधार आहे, कारण दोन्ही मिळून गाठ लहान होण्याची शक्यता जास्त असते. तो तोटा पत्करून मी थांबा म्हणतोय, कारण तुमच्या घरातली सगळ्यात मोठी अनिश्चितता ४ महिन्यांनी सुटणार आहे. कमी मात्रेत घरीच तोंडावाटे द्यायची क्लोरॅम्ब्युसिलची किमोही असते, तिचा खर्च वेगळा काढून मागा. अंदाजपत्रकात पुष्कळदा ती नसते.

आता कर्ज. मिस्टरांचा विचार अगदीच टाकाऊ नाही. समजा कंत्राट वाढलं नाही आणि दरमहा निम्मा खर्च निधीतून काढावा लागला. अख्खा निधी १२ महिने पुरेल. किमोचा सगळा खर्च निधीतून केला तर उरलेला निधी ६ महिने पुरेल. कर्ज काढलं, वर्षाला १५ टक्के व्याज आणि ३ वर्षांची मुदत धरली, तर हप्ता घरखर्चाच्या जवळपास दहाव्या हिश्शाएवढा बसतो आणि निधी १० महिने पुरतो. हातात रोकड जास्त काळ राहते हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण १० महिन्यांनी निधी संपलेला असेल आणि २६ हप्ते शिल्लक असतील. १०० उचलले तर फेडायचे सुमारे १२५. दीड वर्षाने मुलाची फी सुरू होईल तेव्हाही हप्ता चालूच असेल, आणि कुत्री बहुधा नसेल. शिवाय सगळी रक्कम एकदम खात्यात आली की माणूस टप्प्यावर थांबत नाही, कोर्स पुरा करूनच सोडतो.

त्याऐवजी एक कमाल रक्कम ठरवा. माझ्या मते अडीच महिन्यांचा घरखर्च, सगळा निधीतून. त्यातला अर्ध्या महिन्याचा खर्च आजच वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला शेवटपर्यंत हात लावू नका. अर्धा महिना निदानासाठी, गोळ्यांसाठी आणि सुरुवातीच्या तपासण्यांसाठी. उरलेला दीड महिना किमोच्या दोन डोसांसाठी, गरज पडली तरच. हे सगळं खर्ची पडलं तरी साडेतीन महिन्यांचा निधी हातात राहतो, तो एका पगारावर ७ महिने काढेल. गोळ्यांवर गाठ थांबली तर ५ महिन्यांचा निधी शाबूत राहील.

त्या वेगळ्या ठेवलेल्या अर्ध्या महिन्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण अंदाजपत्रकात त्याचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. ही गाठ वाढून मूत्रमार्ग बंद करू शकते. कुत्री पुन्हा पुन्हा बसते, जोर लावते आणि थेंबही येत नाही. तेव्हा काही तासांचा प्रश्न असतो. मूत्राशय तटतटतं, मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं. अशा वेळी, बहुधा रात्री, डॉक्टर विचारतात: नळी घालून तात्पुरती वाट करून देऊ, स्टेंट (मूत्रमार्ग उघडा ठेवणारी जाळीची नळी) टाकू, की तिला शांतपणे जाऊ देऊ? स्टेंट महागडा असतो, त्यानंतर बऱ्याच कुत्र्यांना लघवी धरून ठेवता येत नाही, आणि कॅन्सर आपला पुढे सरकतच असतो. तो नको असं कोणी म्हणालं तर मी त्याला दोष देणार नाही. पण तो प्रश्न दवाखान्याच्या काउंटरवर उभं राहून, एकजण रडत असताना आणि दुसऱ्याच्या हातात कार्ड असताना सोडवायचा नसतो. या आठवड्यात तुम्ही दोघं बसून ठरवा आणि डॉक्टरांच्या फायलीत लिहून ठेवायला सांगा. रात्री कुठला दवाखाना उघडा असतो तेही शोधून ठेवा. शेवटच्या इंजेक्शनचा आणि त्यानंतरचा खर्चही याच रकमेतून करायचा आहे.

गोळ्यांचा मार्ग स्वस्त असला तरी फुकट नाही. पिरॉक्सिकॅम पोटाला आणि मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतं, म्हणून रक्ततपासणी ठरावीक काळाने करावी लागते. उलटी, भूक मरणं किंवा काळी शी दिसली तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन करा. त्याच्या जोडीला दुसरं वेदनाशामक किंवा स्टिरॉइड आपल्या मनाने अजिबात देऊ नका. माणसांच्या कॅप्सूल १० आणि २० मिलिग्रॅमच्या येतात आणि बीगलच्या वजनाला त्याहून बरीच कमी मात्रा लागते. त्यामुळे कॅप्सूल उघडून अंदाजाने भुकटी देऊ नका, योग्य मात्रा बनवून देणारं औषधालय डॉक्टरांनाच विचारा. तो थोडा जादा खर्च मी बिनतक्रार मंजूर करेन. पॅड, डायपर, गादीवरचं जलरोधक आवरण, कामावरच्या रजा हेही हिशोबात धरा. बिनपगारी रजा असेल तर ती खर्चातच लिहा. किमो दिल्यानंतर काही दिवस तिची लघवी हातमोजे घालूनच पुसायची असते, तेव्हा तेही आले.

पैसे वाचवायचा एक मार्ग अगदी साधा आहे. दाराशी एक वही ठेवा. ‘६.१०, धार बरी, फिकट गुलाबी. ६.२५, पुन्हा बसली, नुसते थेंब.’ एवढंच लिहायचं. एकाएकी फेऱ्या वाढल्या की घरचे गाठ वाढली असं समजून सोनोग्राफीला धावतात. या कुत्र्यांना लघवीचा संसर्ग वरचेवर होतो आणि त्याची लक्षणं हुबेहूब तशीच असतात. वही दाखवा आणि आधी लघवीची कल्चर तपासणी, म्हणजे तिच्यात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी, करायची का ते विचारा. बरेचदा तेवढ्यावर भागतं. पण लघवी पूर्ण बंद झाली असेल तर वही बाजूला ठेवा आणि गाडी काढा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाल तेव्हा सोनोग्राफीच्या प्रतिमा आणि लॅबचे रिपोर्ट सोबत न्या, नाहीतर त्याच तपासण्यांचे पैसे पुन्हा मोजाल. कॅन्सर मुळापासून घालवणारी चूर्णं आणि तेलं सुचवणारे लोक भेटतीलच. त्यांना या अडीच महिन्यांतला छदामही नको.

वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. ती जेवते का, दाराशी येते का, रात्री सलग झोपते का, लघवी करताना कळवळते का, या चार गोष्टी त्याच वहीत रोज मांडा. किमो पुढे न्यायची की थांबायची, हे ठरवताना मिस्टरांशी वाद घालण्यापेक्षा ती पानं दोघांनी मिळून वाचा. कमाल रकमेवरही दोघांची सही असू द्या, म्हणजे उद्या एकालाच ‘तू नको म्हणालास’ किंवा ‘तू नको म्हणालीस’ असं ऐकावं लागणार नाही.

धाकट्या कुत्र्याच्या विम्याबद्दल. आजार दिसल्यानंतर काढलेल्या विम्यात तो आजार सहसा धरत नाहीत, म्हणून थोरलीसाठी आता उशीर झालाय. धाकट्यासाठी काढायचा असेल तर तो निरोगी आहे तोवरच. हप्ता किती हे नंतर बघा. आधी पॉलिसीत तीन ठिकाणं वाचा: कॅन्सर आणि किमो धरली आहे का, एका आजारासाठी वर्षाला किती मर्यादा आहे, आणि वय वाढलं की संरक्षण कमी होतं का. तोही बीगल असेल तर जास्त काळजीपूर्वक वाचा. या कॅन्सरमध्ये स्कॉटिश टेरियरचा धोका सगळ्यात मोठा, पण बीगलही जास्त धोक्याच्या जातींत मोडतो. अटी पटल्या नाहीत तर विम्याच्या हप्त्याएवढीच रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत टाका, पण ती कंत्राटाचा निकाल लागल्यावर सुरू करा. आणि विमा घेतलाच, तर अर्जात त्याचा आजवरचा एकूण एक आजार लिहा, कानाचा संसर्गसुद्धा. एखादा लिहायचा राहिला तर दावा फेटाळायला तेवढं कारण पुरतं.