‘मोल्सवर्थ’ या आडनावातली वाडी

प्रश्न असा आहे : मराठी-इंग्रजी कोशामुळे आपल्या ओळखीच्या झालेल्या ‘मोल्सवर्थ’ या आडनावाचा अर्थ काय? ‘वर्थ’ म्हणजे किंमत आणि ‘मोल’ म्हणजेही किंमत, मग या दोहोंचे काही नाते आहे का? आणि हे आडनाव इंग्लंडात मुळात कुठले?

आधी थेट उत्तर. मोल्सवर्थ हे गावावरून पडलेले आडनाव आहे. गावाचे नावही मोल्सवर्थच, आणि त्याचा अर्थ ‘मूल नावाच्या माणसाची वाडी’. हा ‘मूल’ जुन्या इंग्रजीतला, दीर्घ ऊकाराचा. आपल्या मूलाशी, मुळाशी किंवा मूल्यापासून आलेल्या ‘मोला’शी त्याचा काही संबंध नाही. ‘वर्थ’चाही किमतीशी संबंध नाही.

यातले ‘वर्थ’ नीट समजून घेण्यासारखे आहे. जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते. ‘वेओर्थ’ म्हणजे मोल, किंमत. जर्मन ‘वेर्ट’ त्याचा भाऊबंद. ‘वोर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, आणि पुढे त्या कुंपणातले घर-शेत, त्याभोवती वाढलेली छोटी वस्ती. उच्चार बदलत गेले आणि आजच्या इंग्रजीत दोघांचे स्पेलिंग एकच झाले. गावांच्या आणि आडनावांच्या शेवटी येतो तो दुसरा : वर्ड्‌सवर्थ, बटरवर्थ, डकवर्थ, व्हिटवर्थ, इलिंगवर्थ, ॲशवर्थ. डेव्हनकडे याच घराण्यातला शब्द ‘वर्दी’ असा दिसतो, जसे होल्सवर्दी. आणि वेल्सच्या सरहद्दीकडे ‘वर्डीन’, जसे लेंटवर्डीन. या शेवटांमुळे एखादे नाव इंग्लंडाच्या कोणत्या भागातले असावे याचा पहिला अंदाज बांधता येतो.

मराठी माणसाला हा अर्थप्रवास समजावून सांगावा लागत नाही, कारण आपल्या ‘वाडी’ने तोच रस्ता धरला. मोल्सवर्थच्या कोशात ‘वाडी’ काढून पाहा. पहिला अर्थ कुंपण घातलेली जमीन किंवा बाग. त्यानंतर शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका, खेडे. आधी कुंपण, मग वस्ती. शब्द वेगळ्या कुळांतले, पण अर्थ सरकला तो अगदी त्याच क्रमाने. स्वतःच्या आडनावाच्या उत्तरार्धाला सर्वांत जवळचा मराठी शब्द कोशकाराने स्वतःच्याच कोशात इतका नेमका उलगडून ठेवला आहे, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते. रचनेसाठी ‘सावंतवाडी’ डोळ्यांसमोर आणावी : पुढे माणसाचे किंवा घराण्याचे नाव, मागे वाडी. मोल्सवर्थमधला ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या ‘ची’च्या जागी बसलेला.

आता ‘मूल’. हे अँग्लो-सॅक्सन पुरुषाचे नाव. ते खरोखर वापरात होते याला पुरावा आहे : केंटवर राज्य करणारा मूल नावाचा राजा ६८७ साली जाळून मारला गेला, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. मात्र हा राजा आणि गाव वसवणारा मूल एकच, असे कोणी सांगितले तर मानू नये. नाव एक म्हणून माणूस एक होत नाही. शब्द म्हणून पाहिले तर ‘मूल’ म्हणजे खेचर, लॅटिन ‘मूलुस’वरून आलेला, संकरित वंशाच्या माणसाला टोपणनाव म्हणून तो लागला असावा, असे एक मत आहे. बकिंगहॅमशरमधले मोल्सो आणि एसेक्समधले मोल्शम या गावांच्या नावांतही हेच माणसाचे नाव धरतात. त्यांच्या स्पेलिंगमध्ये ‘ओ’नंतर ‘यू’ टिकून राहिला आहे, म्हणून तिथे जुना ऊकार लवकर ओळखू येतो.

मग मोल्सवर्थमध्ये नुसता ‘ओ’ कसा? १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, गावाची नोंद ‘मोलेसवोर्डे’ अशी आहे. ती लिहिणारे कारकून फ्रेंच-लॅटिन वळणाचे. ‘एम’, ‘एन’, ‘यू’ या अक्षरांच्या उभ्या दांड्या त्या लिपीत एकमेकींत मिसळून वाचता येईनाशा होत, म्हणून अशा अक्षरांशेजारी ‘यू’ऐवजी ‘ओ’ लिहायची सवय पुढे पक्की झाली. ‘मंक’, ‘सन’ (मुलगा), ‘लव्ह’ यांच्या स्पेलिंगमध्ये ‘ओ’ आहे तो त्यामुळेच. शेवटचा ‘डे’ही त्याच हातांचा, त्यांच्या भाषेत ‘थ’सारखा उच्चार नव्हता, त्यामुळे ते ‘डी’ किंवा ‘टी’ लिहीत.

जमीन पोखरणारा ‘मोल’ हा प्राणी या नावात आहे, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते चूक आहे, आणि का चूक ते तारखांवरून दाखवता येते. त्या प्राण्याला जुन्या इंग्रजीत ‘वांड’ म्हणत. ‘मोल’ हा शब्द इंग्रजी लिखाणात बराच नंतर, मध्ययुगाच्या उत्तरार्धात दिसतो. १०८६ मध्ये लिहिले गेलेले आणि त्याआधीपासून चालत आलेले नाव त्या शब्दावरून पडणे शक्य नाही. कोणत्याही आडनावाच्या बाबतीत हाच नियम पाळावा : आजच्या स्पेलिंगची फोड न करता सर्वांत जुनी लिखित नोंद शोधावी, आणि त्या काळी तो शब्द भाषेत होता का ते पाहावे.

गाव कुठे आहे? हंटिंग्डनच्या वायव्येला सुमारे १६ किलोमीटरवर, नॉर्थॅम्प्टनशरच्या हद्दीजवळ. जुना परगणा हंटिंग्डनशर. १९७४ पासून हा भाग केंब्रिजशरमध्ये मोडतो. शोध घेताना इथेच अनेकांची फसगत होते. जुन्या नोंदींवर हंटिंग्डनशर असते आणि माणूस केंब्रिजशर शोधत बसतो. गाव लहान आहे. १९८० च्या दशकात तिथल्या हवाईतळावर क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवण्याच्या बेतामुळे आणि त्याविरुद्धच्या शांतता छावणीमुळे ते बातम्यांत आले, एरवी आले नसते.

गाव लहान असणे हेच आडनाव दुर्मीळ असण्याचे मूळ कारण. आपल्याकडे पुणेकर हे आडनाव पुण्यातल्या माणसाला पुण्यात चिकटत नाही. तो नाशकाला गेला की चिकटते. इंग्लंडातही तसेच. मध्ययुगीन कागदांत ‘वॉल्टर डी मोल्सवर्थ’ असे लिहिलेले सापडते, त्यातला ‘डी’ म्हणजे आपला ‘कर’. साधारण १२०० ते १४०० या काळात अशी नावे बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. दक्षिणेत आधी, उत्तरेत उशिरा. लहान गावातून बाहेर पडणारे थोडे, त्यांतही पुरुषवंश टिकणारे त्याहून थोडे. स्मिथ आडनाव पडायला गावोगावी लोहार होता. मोल्सवर्थ पडायला एकच गाव, फार तर दोन. दुसऱ्याचा मुद्दा पुढे येतो.

या आडनावाचा प्रसार नकाशावर पाहताना काही शाखा डोळ्यांसमोर ठेवल्या की चित्र उलगडते. सोळाव्या शतकात एक घराणे नॉर्थॅम्प्टनशरमधल्या फॉदरिंगे इथे दिसते. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा १५८७ मध्ये जिथे शिरच्छेद झाला तेच हे गाव. मूळ गावापासून ते पंचवीस किलोमीटरांच्या आत आहे. गावावरून पडलेली आडनावे पहिल्या काही पिढ्यांत एवढ्याच पल्ल्यात फिरतात.

मोठी उडी कॉर्नवॉलची. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ हा डची ऑफ कॉर्नवॉलच्या, म्हणजे राजघराण्याच्या तिथल्या जहागिरीच्या, कामावर तिकडे गेला आणि बॉडमिनजवळच्या पेनकॅरो इथे घराणे रुजले. त्याने हेंडर घराण्यातली मुलगी केली, आणि पुढे त्या घरात ‘हेंडर’ हे पहिले नाव म्हणून चालू लागले. इंग्रजी वंशावळीत असे विचित्र पहिले नाव दिसले की ते आजोळचे आडनाव असण्याची शक्यता आधी तपासावी. जमैकाचा कारभार पाहिलेला हेंडर मोल्सवर्थ १६८९ मध्ये बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरागत ‘सर’ किताबाचा मानकरी, झाला. वेडब्रिजमधल्या मोल्सवर्थ स्ट्रीटला नाव मिळाले ते याच घराण्यामुळे. या पेनकॅरोचा आणखी एक शब्द इंग्रजीत आहे : ‘मंकी पझल’ हे झाडाचे नाव. १८५० च्या सुमारास तिथले रोपटे पाहून एक पाहुणा म्हणाला की यावर चढायचे म्हणजे माकडालाही कोडेच पडेल, आणि नाव रुळले, असे सांगतात.

तिसरी शाखा डब्लिनची. सतराव्या शतकाच्या मध्यात तिथे व्यापारात जम बसवलेल्या रॉबर्ट मोल्सवर्थचा त्याच नावाचा मुलगा (१६५६–१७२५) १७१६ मध्ये व्हायकाउंट, म्हणजे सरदारकीचा एक किताब मिळालेला, झाला. त्यामुळे इंग्लंडातल्या खेड्याचे नाव आयर्लंडच्या सरदारांच्या यादीत आढळते. लँकेशरमधल्या रॉचडेलला हे आडनाव माहीत झाले ते १८३९ पासून जवळजवळ चाळीस वर्षे तिथे व्हिकर (चर्चचा धर्मगुरू) असलेल्या जॉन एडवर्ड नासाउ मोल्सवर्थमुळे. त्याचा मुलगा गिलफर्ड हा हिंदुस्थान सरकारचा रेल्वे सल्लागार इंजिनिअर होता. सूत्रांच्या खिशात मावणाऱ्या त्याच्या पुस्तकामुळे जुन्या पिढीतल्या इंजिनिअरांना ‘मोल्सवर्थ’ म्हटले की कोशाआधी तेच आठवे. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनची संसद मोल्सवर्थ स्ट्रीटवर आहे, आणि डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट जातो तो आयरिश संसदेच्या लेन्स्टर हाउससमोर. न्यूझीलंडमधले सर्वांत मोठे शेत, १,८०,००० हेक्टरांहून मोठे, तेही मोल्सवर्थ स्टेशनच.

आता दुसऱ्या गावाचा मुद्दा. चेशरमध्ये मोल्ड्‌सवर्थ नावाचे गाव आहे. त्याचा पूर्वार्ध ‘मोल्डा’, म्हणजे डोक्याचा माथा, त्यावरून टेकाड. तिथे मूल नावाचा माणूस नाही. बोलताना ‘ल्ड्‌स’मधला ‘ड’ सहज गळतो आणि लिहिणाऱ्याच्या हातून मोल्सवर्थ उतरते. म्हणून चेशर, लँकेशर भागातले जुने मोल्सवर्थ घराणे सापडले, तर ते हंटिंग्डनशरचे असे गृहीत धरू नये. चर्चच्या नोंदवहीत पिढीगणिक मागे जाऊन ‘ड’ कुठे दिसतो ते पाहावे.

शोध प्रत्यक्ष घ्यायचा असेल तर उलटा, आजपासून मागे जावे. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून. प्रसार पाहायला १८८१ ची जनगणना सोयीची, कारण ती पूर्ण उतरवून घेतलेली आहे. १८३७ च्या मागे चर्चच्या नोंदवह्या, ज्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा. मधली पोकळी भरायला १६६२ पासूनच्या चूल-कराच्या याद्या, आणि फार मागे १३७७, १३७९ व १३८१ चे डोईपट्टीचे कागद.

इथे चुका ठरलेल्या जागी होतात. ध्वनिसाम्याने शोधणाऱ्या साउंडेक्स पद्धतीत मोल्सवर्थचा संकेत एम ४२६ येतो. ‘यू’ घातलेल्या किंवा दोन ‘एल’च्या स्पेलिंगचाही तोच, म्हणून ती रूपे आपोआप हाती लागतात. पण मोल्ड्‌सवर्थचा संकेत ‘डी’मुळे एम ४३२ होतो, तो वेगळा शोधावा लागतो. ‘यू’चे रूप काल्पनिक नाही, १६३२ मध्ये स्वतःचे आयुष्य पद्यात लिहिणाऱ्या मार्था मोल्सवर्थचे आडनाव तसेच लिहितात. जुन्या छापील पुस्तकांत लांब ‘एस’ असतो, तो छापील मजकूर वाचणारे संगणकी यंत्र ‘एफ’ वाचते, तेव्हा ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालूनही शोधावे. पेनकॅरो घराण्याच्या पुढच्या पिढ्या मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असे जोडनाव लावतात. त्या कधी ‘एम’खाली, कधी ‘एस’खाली नोंदलेल्या असतात. आणि १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदले. १० फेब्रुवारी १६४० असे लिहिले असेल तर आपल्या हिशोबाने ते १६४१. हे विसरले की बाळाचा बाप्तिस्मा आईबापांच्या लग्नाआधी पडतो आणि नसलेले गूढ उभे राहते.

आडनावाचे कुलचिन्ह विकणाऱ्यांवर पैसे घालवू नयेत. चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशाला मिळते, आडनावाला नाही. आपल्या कोशकाराचे आणि गिलफर्डचे आडनाव एक, दोघेही हिंदुस्थानात होते, एवढ्यावरून जवळचे नातेही जोडू नये.

राहिले मराठी लेखन. आडनावातला मधला ‘ई’ मूक आहे, म्हणून ‘मोलेसवर्थ’ नको. ‘एस’चा उच्चार घोष, ‘माझा’तल्या दंत्य झकाराजवळचा, तेव्हा काटेकोर उच्चार ‘मोल्झवर्थ’ असा होईल. पण १८३१ च्या आणि विस्तारलेल्या १८५७ च्या आवृत्तीमुळे कोशाचे नाव मराठीत इतके मुरले आहे की ‘मोल्सवर्थ’ हेच रूप ठेवावे. बोलताना मात्र ‘मोल्झ’ म्हणायला हरकत नाही.