मेन स्विच बंद करून पाटी लावली तरी वर कुलूप कशाला?

तुमचं म्हणणं असं की मेन ऑफ केला, 'काम चालू आहे' ची पाटी अडकवली, झालं ना, मग सेफ्टीवाले कुलपाचं एवढं काय लावून धरतात. मीही आधी हेच म्हणायचो.

भोसरीला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. कन्व्हेयरची चेन खोलली होती, पाटी कधीतरी सुटून पॅनलमागे पडली, शिफ्ट बदलली आणि नवीन ऑपरेटरला वाटलं मागचा बंद करून गेला असेल, त्याने मेन टाकून स्टार्ट दाबलं. चेनवरचा पाना उडून पत्र्यावर आदळला, हेल्परचा हात तिथून वीतभर लांब होता. ऑपरेटरची तरी काय चूक?

कुलूप म्हणजे चावी तुमच्या खिशात, बाकी काही नाही. आमचे जुने वायरमनकाका किटकॅट फ्यूज काढून खिशात घालूनच शिडी चढायचे, तेही लोटोच (लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे कुलूप आणि पाटी लावून सप्लाय बंद ठेवणं) की! चौघं काम करत असाल तर हॅस्प (एकाच स्विचवर बरीच कुलपं अडकवायची पकड) लावा आणि प्रत्येकाने आपापलं कुलूप घाला, सुपरवायझरचं एकच कुलूप सगळ्यांसाठी असलं काही चालवून घेऊ नका. शिफ्ट बदलताना आधी येणाऱ्याचं लागतं, मगच जाणाऱ्याचं निघतं.

आणि इमर्जन्सीचं लाल बटण दाबून आत हात घालणारे लय पाहिलेत. त्याने बहुतेक मशीनवर नुसतं कंट्रोल सर्किट तुटतं, कॉन्टॅक्टरच्या (मोटरला सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) वरच्या टर्मिनलला ४१५ व्होल्ट तसेच असतात.

कुलूप लावलं म्हणून लगेच पान्याला हात घालायचा नाही, आधी तपासा. मीटर चालू पॉइंटवर लावून बघा, मग बंद केलेल्यावर, मग परत चालूवर, नाहीतर मीटरच मेलेला असायचा आणि आपण खूश. निऑन टेस्टरवर तर अजिबात जाऊ नका. व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर मेन गेल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये साधारण ५८० व्होल्ट डीसी राहतो, कव्हरवर किती मिनिटं थांबायचं ते लिहिलेलं असतं तेवढं थांबा आणि मग डीसी रेंजवर मोजा. कंट्रोल सप्लाय दुसऱ्या पॅनलमधून किंवा यूपीएसवरून येतोय का तेही ड्रॉइंगमध्ये बघा, आम्ही एकदा तिथेच फसलो होतो.

तुमच्याकडे आयसोलेटर (सप्लाय पूर्ण तोडणारा मेन स्विच) नसून नुसता एमसीबी असेल तर त्याच्या नॉबवर बसणारी लॉकआउट क्लिप मिळते, कुलूप त्यात जातं.