पानशेतच्या पुरावर मुलांचं नाटक करणाऱ्या मुलीचं पुढे काय?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी टी. वाय. बी.कॉम.ला आहे. वर्षभर दर रविवारी ती पुण्यातल्या दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या सातवी-आठवीच्या मुलांसोबत नाटक करते आणि आता सी.ए. सोडून हेच करायचं म्हणते. ‘छंदावर पोट भरत नाही’ हे तिच्या वडिलांचं म्हणणं, आणि तुमची मधल्यामध्ये ओढाताण.

पत्रात तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात, मला तीच सगळ्यांत मोलाची वाटली. मुलांनी आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुराबद्दल विचारलं, ऐकलेलं वहीत उतरवलं आणि त्यातून अर्ध्या तासाचं नाटक उभं केलं. गॅदरिंगमध्ये पाठ केलेले संवाद म्हणण्यापेक्षा हे फार वेगळं आहे. मुलं इथे माणसांना प्रश्न विचारायला शिकली. पानशेतचं पाणी खडकवासल्यात येऊन तेही धरण फुटलं, मग मुठेकाठच्या पेठा बुडाल्या, हा क्रम त्यांना रंगमंचावर दाखवायचा, म्हणजे आधी समजून घ्यावा लागतो. आणि दोन आजीबाईंच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर कुठली घ्यायची यावर वाद घालावाच लागतो. वर्गात इतकं शिकवायला किती तास लागतील!

या कामाला ‘थिएटर इन एज्युकेशन’ असं नाव आहे, परंपराही आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने १९६५ मध्ये शाळांसाठी असं नाट्यशिक्षण सुरू केलं. आपल्या पुण्यात बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीवरून स्फूर्ती घेऊन थिएटर अकॅडमीने मुलांच्या खऱ्या प्रश्नांवरची नाटकं आणली, मोहन आगाशे यांनी ती चळवळ रुजवली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा आगरताळ्याला याच विषयाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशिक्षण मिळतं. शाळेत कायमची नोकरी हवी असेल तर बी.एड.चा विचार करावा लागेल.

पैशाबद्दल वडिलांची काळजी रास्त आहे. शिबिरांचे पैसे दर सत्रामागे मिळतात. एप्रिल-मे आणि गॅदरिंगचे महिने भरलेले असतात, परीक्षांच्या काळात हात रिकामे. नियमित पगार मिळतो तो शाळेतल्या नाट्यशिक्षकाला किंवा संस्थेतल्या प्रकल्प समन्वयकाला. तिथे तिचं बी.कॉम. उपयोगी पडेल. कंपनी कायदा २०१३नुसार ठरावीक नफ्यापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि शिक्षण त्यात बसतं. तो निधी मागताना अंदाजपत्रक आणि नंतर खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. उत्तम नाटक करणारी बरीच मंडळी नेमकी इथे अडखळतात. म्हणून पदवी पूर्ण करायचीच. सी.ए.चा निर्णय मात्र तिचा तिला घेऊ द्या.

एक गोष्ट तिने स्वतःशी तपासायला हवी. तिला ओढ कशाची आहे, रंगमंचाची की मुलांची? पुरुषोत्तम करंडकासारखी कॉलेजांची एकांकिका स्पर्धा गाजते त्या शहरात वाढलेल्या मुलीला रंगमंचाची ओढ असणं अगदी स्वाभाविक आहे. पण मग वाट वेगळी. या कामात टाळ्या मुलांना मिळतात आणि कधी नाटक फसलं तरी मूल शिकलेलं असतं. तिने पुढचं सत्रभर एकच गट धरावा आणि दर रविवारी घरी आल्यावर लिहावं: आज काय ठरवलं होतं, काय घडलं, कोण पहिल्यांदा बोललं, कोण गप्पच राहिलं. ती वही आणि पालकांच्या परवानगीने घेतलेले थोडे फोटो, हे कुठल्याही मुलाखतीत प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतात.

वडिलांना एका रविवारी तालमीला घेऊन जा. प्रयोगाला नको, तालमीलाच. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तिचे प्रश्न मला तिच्याकडूनच ऐकायचे आहेत.